नाण्यांवरील लॅटिन : शोभा कीं दावा ?

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद सुशिक्षित कुटुंबांत पुष्कळांना असतो, आणि तो आम्हांला मुळींच नापसंत नाहीं. ज्या घरांतलीं मुलें तांब्याच्या एका तुकड्यावरील पुसट अक्षरें भिंग लावून वाचीत बसतात, त्या घरीं इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाहीं. आमची तक्रार छंदाबद्दल नव्हे, तर छंदाबरोबर हातोहात चालत आलेल्या एका मताबद्दल आहे. तें मत असें कीं, ब्रिटिश नाण्यांवर राजाच्या मुखाभोंवतीं जीं लॅटिन अक्षरें असतात तीं केवळ शोभेचीं. जुन्या रीतीला धरून काढलेली ती एक वेलबुट्टी. तिचा अर्थ पाहत बसणें म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला त्याचें गोत्र विचारण्यासारखें आहे.

आमचे एक स्नेही याच मताचे आहेत. गृहस्थ व्यासंगी, संग्रह चांगला, आणि कोणतें नाणें किती दुर्मिळ व त्याला बाजारांत काय येईल हें त्यांना तोंडपाठ. परवां त्यांनीं १९४८ सालची एक ब्रिटिश पेनी आमच्यापुढें ठेविली. आम्हीं तिच्यावरचा लेख वाचावयास घेतला तेव्हां ते हंसून म्हणाले, "अहो प्रोफेसर, तें सोडा. तें सगळें आपल्या 'शुभं भवतु' सारखें आहे." आम्हीं तें सोडलें नाहीं. लेख असा होता : जॉर्जिउस सहावा, डी. जी., बी. आर. ओ. एम. एन. रेक्स, एफ. डी., आय. एन. डी. आय. एम. पी. हे संक्षेप उलगडले म्हणजे शब्द होतात 'देई ग्राशिया, ब्रितान्निआरुम ओम्नियुम रेक्स, फिदेई देफेन्सोर, इंदिए इम्पेरातोर'; आणि मराठींत त्यांचा अर्थ होतो, ईश्वरकृपेनें सर्व ब्रिटनांचा राजा, श्रद्धेचा संरक्षक, हिंदुस्थानचा सम्राट्. सन, पुन्हा एकदां सांगतों, १९४८. 'शुभं भवतु' म्हणणारा मनुष्य निदान दुसऱ्याच्या देशावर हक्क तरी सांगत नाहीं !

आमचें म्हणणें असें आहे कीं, हें लॅटिन शोभा नव्हे. तो दावा आहे. इतकेंच नव्हे, तर पुष्कळ वेळां तो अशा प्रकारचा दावा आहे कीं जो लोकांच्या बोलींत मांडला असतां लोक हंसले असते किंवा रागावले असते. चार माणसांपैकीं तिघांना न कळणाऱ्या भाषेंत, आणि तींतहि एकेका अक्षराच्या संक्षेपांत, तो ठेविला म्हणून शतकेंच्या शतकें टिकला. जो कोणी या अक्षरांना नक्षी म्हणतो तो नकळत त्या टांकसाळीचेंच काम पुढें चालवितो.

ज्या काळीं लॅटिन ही खरोखर युरोपच्या दरबारांची व धर्मपीठांची भाषा होती, त्या काळच्या नाण्यांना आम्ही हा दोष देत नाहीं. तिसऱ्या एडवर्डनें १३४० सालीं आपल्या आईच्या हक्कानें फ्रान्सच्या गादीवर दावा सांगितला, आणि १३४४ पासून 'नोबल' नांवाचें सोन्याचें नाणें पाडलें. त्यावर गलबतांत उभा असलेला राजा आहे, त्याच्या ढालीवर इंग्लंडच्या सिंहांबरोबर फ्रान्सचीं कमलपुष्पें आहेत, आणि भोंवतीं 'इंग्लंड व फ्रान्सचा राजा, आयर्लंडचा स्वामी' असा मजकूर आहे. पाठीमागें ल्यूकच्या शुभवर्तमानांतील एक वचन आहे. येशू गर्दीच्या मधून निघून गेला, असा त्याचा अर्थ. चोरांपासून रक्षण करणारा मंत्र म्हणूनहि लोक त्या काळीं तें मानीत. हा राजा फ्रान्सशीं प्रत्यक्ष लढत होता. त्याचा दावा खरा कीं खोटा हें रणांगणावर ठरावयाचें होतें, आणि तो ज्यांना ऐकवावयाचा होता त्यांना लॅटिन येत होतें. शिवाय १३६० च्या ब्रेतिन्यी येथील तहांत त्यानें फ्रान्सच्या गादीवरील हक्क सोडला, तेव्हां नाण्यावरून फ्रान्सचें नांव गेलें व त्या जागीं आक्विटेनचें आलें. १३६९ सालीं लढाई पुन्हा पेटली तेव्हां फ्रान्स परत आला. म्हणजे त्या काळीं नाण्यावरचें लॅटिन जिवंत होतें. तह झाला कीं अक्षर बदलत असे.

पुढें तें बदलेनासें झालें. १५५८ सालीं कॅले शहर गेलें आणि फ्रान्सच्या भूमीवर इंग्रजांचें एक ठाणेंहि उरलें नाहीं. तरी राजाराणींच्या नाण्यांवर 'फ्रान्सचा राजा' हें बिरुद त्यानंतर सुमारें अडीचशें वर्षें छापलें जात होतें. दुसऱ्या चार्ल्सचेंच उदाहरण पाहा. या राजानें १६७० सालीं डोव्हर येथें फ्रान्सच्या चौदाव्या लुईशीं गुप्त तह केला आणि त्याच्याकडून पैसे घेतले. घेतलेल्या पैशांचा हिशेब आम्हांला येथें करावयाचा नाहीं. परंतु एका हातानें फ्रान्सच्या राजाचें द्रव्य घ्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें 'मीच फ्रान्सचा राजा' असा ठसा मारावयाचा, हें इंग्रजी भाषेंत लिहून कोणत्या इंग्रज किराणावाल्याच्या गल्ल्यांत खपलें असतें?

या बाबतींत तिसऱ्या जॉर्जच्या गिन्यांनीं तर कळस केला. १७८७ पासून १७९९ पर्यंत ज्या गिन्या पडल्या, त्यांच्या पाठीवर ढालीभोंवतीं अक्षरांची जी माळ आहे ती अशी : एम. बी. एफ. ईटी एच. रेक्स, एफ. डी., बी. ईटी एल. डी., एस. आर. आय. ए. टी. ईटी ई. एखाद्या मांत्रिकानें भूर्जपत्रावर लिहावीं तशीं हीं बीजाक्षरें. उलगडा केला तर अर्थ असा : ग्रेट ब्रिटन, फ्रान्स व आयर्लंड यांचा राजा, श्रद्धेचा संरक्षक, ब्रुन्सविक व ल्यूनेबर्गचा ड्यूक, पवित्र रोमन साम्राज्याचा मुख्य खजिनदार आणि निर्वाचक. यांतील दुसरें 'एफ.' म्हणजे श्रद्धा आणि पहिलें 'एफ.' म्हणजे फ्रान्स ! ज्या फ्रान्सनें १७९३ सालीं आपल्या खऱ्याच राजाचा शिरच्छेद केला, त्या फ्रान्सचे राजे म्हणून हे महाशय पुढें सहा वर्षें सोन्यावर मिरवत होते.

येथें कोणी म्हणेल कीं, जागा थोडी म्हणून संक्षेप, आणि जुना ठसा म्हणून जुनें बिरुद. यांत कपट कोठें आहे? त्याला १७९७ सालचीं दोन नाणीं शेजारीं ठेवून उत्तर देतां येतें. त्या वर्षीं बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथें बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर तांब्याचीं पेनी व दोन पेनी हीं नाणीं पडलीं. पेनीचें वजन एक औंस आणि दोन पेनीचें दोन औंस; कडा इतक्या रुंद व जाड कीं लोक त्यांना 'गाडीचें चाक' म्हणत. जागेचा दुष्काळ म्हणावा तर येथें मैदान पडलेलें होतें. पण त्यांवर लेख काय ? 'जॉर्जिउस तिसरा, डी. जी. रेक्स', इतकाच, आणि पाठीवर 'ब्रितान्निया'. फ्रान्स नाहीं, ब्रुन्सविक नाहीं, खजिनदारी नाहीं. एकच राजा, एकच वर्ष. तांब्यावर तो फ्रान्सचा राजा नाहीं आणि सोन्यावर आहे. जागेच्या सबबीचा निकाल यापेक्षां स्पष्ट कसा लागावा ? १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडशीं झालेल्या संयोगाबरोबर हें बिरुद गाळण्यांत आलें, आणि त्याबद्दल इंग्लंडांत एका माणसाच्याहि डोळ्यांत पाणी आल्याचें आम्हीं वाचलेलें नाहीं. ४६१ वर्षांचा दावा असा निघून गेला, कारण तो कोणी वाचीतच नव्हतें.

उलट बाजूनेंहि हीच गोष्ट सिद्ध होते. इंग्लंडच्या इतिहासांत एकदांच अशी वेळ आली कीं गादीवर राजा नव्हता. पहिल्या चार्ल्सचा १६४९ सालीं वध झाल्यावर पार्लमेंटनें जीं नाणीं पाडलीं, त्यांवर लॅटिनचें एक अक्षर नाहीं. एका बाजूस 'इंग्लंडचें कॉमनवेल्थ' आणि दुसऱ्या बाजूस 'ईश्वर आमच्याबरोबर', दोन्ही सरळ इंग्रजींत. राजपक्षाचे लोक त्यांची थट्टा करीत कीं, पाहा, ईश्वर एका बाजूला आणि कॉमनवेल्थ दुसऱ्या बाजूला ! थट्टा फार चांगली आहे. पण ती करतां आली ती कां, हें लक्षांत घ्यावें : लेख लोकांना कळत होता म्हणून. कळणाऱ्या भाषेंत लिहिण्याची हीच किंमत असते आणि ती त्या लोकांनीं दिली. मग क्रॉमवेल आला. त्यानें १६५६ व १६५८ सालचीं जीं नाणीं पाडविलीं, त्यांवर त्याचें मुख रोमन सम्राटासारखी पानांची माळ घालून बसलें आहे. 'ईश्वरकृपेनें' आलें आहे. आणि पाठीवर 'शांति युद्धानें मिळवावयाची असते' या अर्थाचें वचन आहे. हें सगळें अर्थात् लॅटिनांत. राजाचा शत्रु स्वतः राजासारखा वागूं लागला त्या दिवशीं त्याची भाषा बदलली. आमच्या स्नेह्यांनीं याला योगायोग म्हटलें तर आम्हांला पुढें बोलावयाचें नाहीं.

आतां 'एफ. डी.', म्हणजे श्रद्धेचा संरक्षक, या अक्षरांकडे वळूं. त्यांची कथा इतकी चमत्कारिक आहे कीं ती एखाद्या प्रहसनकारानें रचली असती तर टीकाकारांनीं अतिशयोक्तीचा दोष दिला असता. आठव्या हेन्रीनें मार्टिन ल्यूथरच्या मतांचें खंडन करणारा ग्रंथ लिहिला, म्हणून १५२१ सालीं पोप दहावा लिओ यानें त्याला हें बिरुद दिलें. पुढें बारा-तेरा वर्षांतच हेन्रीनें पोपशीं संबंध तोडला आणि स्वतःच इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य बनला. त्याला बहिष्कृत करण्यांत आलें. परंतु बिरुद त्यानें सोडलें नाहीं. पार्लमेंटकडून कायदा करवून तेंच बिरुद नव्यानें घेतलें. दिलें एका श्रद्धेच्या रक्षणासाठीं, ठेविलें तिच्या विरोधकांनीं ! तरी हेन्रीच्या काळीं तें नाण्यांवर आलें नव्हतें. नाण्यांवर तें आलें १७१४ सालीं, पहिल्या जॉर्जच्या कारकीर्दींत. आणि हा पहिला जॉर्ज कोण ? जर्मनींतील हॅनोव्हरहून आलेला, ल्यूथरच्या पंथांत वाढलेला राजा. ल्यूथरला झोडपल्याबद्दल मिळालेलें पदक ल्यूथरच्याच अनुयायाच्या नाण्यावर चढलें. या विसंगतीनें तेव्हांहि कोणाची झोंप मोडली नाहीं आणि आजहि मोडत नाहीं. तीं दोन अक्षरें आजच्या तिसऱ्या चार्ल्सच्या नाण्यांवर तशींच आहेत.

१८४९ सालचें प्रकरण आमच्या विरुद्ध जाईल असें वरवर पाहतां वाटतें, म्हणून तें लपवून ठेवणें आम्हांला बरें दिसत नाहीं. दशमान पद्धतीकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून त्या वर्षीं पौंडाच्या दशांशाचें 'फ्लोरिन' हें चांदीचें नाणें निघालें. त्यावर 'व्हिक्टोरिया रेजिना' आणि सन एवढाच लेख. 'ईश्वरकृपेनें' नाहीं, 'श्रद्धेची संरक्षक' नाहीं. यावरून मोठा गहजब झाला. लोकांनीं त्याला 'निरीश्वर फ्लोरिन' असें नांव दिलें. टांकसाळीचा मुख्य रिचर्ड लेलर शील हा आयरिश कॅथलिक, तेव्हां संशयाला जागाहि तयारच होती. शेवटीं नवा ठसा करून तीं अक्षरें परत घालावीं लागलीं. मग लोक नाणें वाचीत नव्हते असें कसें म्हणतां ? आम्ही म्हणतों, या प्रकरणांतून एवढेंच दिसतें कीं अक्षरें गेलीं तेव्हां तीं दिसलीं. भिंतीवरची तसबीर रोज कोणी पाहत नाहीं. ती काढली कीं चुन्यावरचा चौकोन सगळ्यांना दिसतो. ज्या लोकांनीं 'एफ. डी.'साठीं आरडाओरड केली, त्यांतल्या कितींनीं तें बिरुद पोपनें दिलेलें आहे हें मनांत आणलें असेल ? आणलें असतें तर प्रॉटेस्टंट म्हणून त्यांनीं तें काढण्यासाठींच आरडाओरड केली असती.

शिवाय याच प्रकरणाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हां हिंदी लोकांना अधिक जवळची आहे. हीच व्हिक्टोरिया राणी १८४० पासून आपल्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' या इंग्रजी शब्दांनीं विराजमान होती. तेथें देवाची कृपा नव्हती आणि श्रद्धेचें संरक्षणहि नव्हतें. १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' झाली. पुढें एडवर्ड व जॉर्ज 'किंग एम्परर' झाले. ईश्वर एकदांहि आला नाहीं. लंडनच्या एका दोन शिलिंगांच्या नाण्यावरून जो देव गेला म्हणून एवढें काहूर, तो कोट्यवधि रुपयांवर कधीं आलाच नव्हता, आणि त्याबद्दल कोणत्याहि बिशपचें मन दुखावलें नाहीं. हिंदुस्थानांत सत्ता कोणाच्या कृपेनें चालते हें सांगण्याची गरज बहुधा वाटत नसावी.

'इंदिए इम्पेरातोर' या शब्दांचा इतिहास याच प्रकाशांत पाहण्यासारखा आहे. १८७६ सालीं राणीला सम्राज्ञी हें पद देण्याचा कायदा आला तेव्हां खुद्द इंग्लंडांत त्याला जोराचा विरोध झाला. सम्राट् हा शब्द इंग्रजांच्या कानाला परका व जुलमी वाटत होता. डिझरायलीच्या सरकारला असें आश्वासन द्यावें लागलें कीं हें पद हिंदुस्थानापुरतें राहील, स्वदेशांत राणी ती राणीच. आणि तसेंच झालें. १८८७ च्या ज्युबिलीच्या नव्या नाण्यांवरहि तें नव्हतें. मग १८९३ सालीं राणीचा वृद्ध, पदर घेतलेला मुखवटा नाण्यांवर आला, आणि त्याच्या भोंवतालच्या लेखाच्या शेपटाला 'इंद. इम्प.' हीं सहा अक्षरें हळूच चिकटून आलीं. जें इंग्रजींत म्हणावयाचें नाहीं असें सतरा वर्षांपूर्वीं ठरलें होतें, तें लॅटिनांत म्हणून टाकलें. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' असें इंग्रजी शब्दांत ब्रिटनच्या पेनीवर छापण्याचें धैर्य कोणास झालें असतें काय, याचा विचार वाचकांनींच करावा. रुपयावर मात्र तोच शब्द सरळ इंग्रजींत. कारण येथें तो लपविण्याचें कारणच नव्हतें, उलट तो दिसावा हाच हेतु होता.

हीं अक्षरें जावयास लागली तीहि वाट पाहण्यासारखी आहे. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्यांत राजाच्या बिरुदांतून हे शब्द गाळण्यास पार्लमेंटनें संमति दिली. आणि त्या इंग्रजी कायद्यांत 'एम्परर ऑफ इंडिया' बरोबर 'इंदिए इम्पेरातोर' हे लॅटिन शब्दहि वेगळे नमूद करावे लागले. ज्या शब्दांना काढण्यासाठीं कायद्यांत नांवानें उल्लेख करावा लागतो त्यांना नक्षी म्हणतां येईल काय ? प्रत्यक्ष राजघोषणा २२ जून १९४८ रोजीं निघाली, आणि ब्रिटिश नाण्यांवरून तीं अक्षरें १९४९ पासून नाहींशीं झालीं. आमच्या स्नेह्यांची पेनी ही त्या शेवटच्या वर्षाची.

लॅटिनालाच आमचा राग आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. खोटें ठेवून देण्याची सोय कोणत्याहि न कळणाऱ्या लिपींत होते. ईस्ट इंडिया कंपनीनें मुंबईच्या टांकसाळींत सतराव्या शतकांत जे पहिले रुपये पाडले त्यांवर लॅटिन लेख होता. परंतु बेटाबाहेर त्यांना फारसें कोणी विचारीना. पुढें १७१७ नंतर त्याच टांकसाळींतून मोंगल बादशहाच्या नांवाचे फारसी रुपये निघूं लागले, आणि ते चालले. बंगालच्या सिक्का रुपयावर तर शाह आलमच्या कारकीर्दीचें एकोणिसावें वर्ष कायमचें गोठवून ठेविलें. वर्ष बदललें कीं सराफ जुन्या रुपयाला बट्टा लावीत, तो बंद करण्याची ती युक्ति होती आणि ती व्यवहाराला धरूनच होती. पण शाह आलम १८०६ सालीं वारला आणि त्याच्या नांवाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत पाडीत राहिली. तिकडे फ्रान्सचें राज्य नसतां फ्रान्सचा राजा. इकडे राज्य स्वतःचें असतां नांव दुसऱ्याचें. दोन्हीकडे तोंड वेगळें असलें तरी खोड एकच. आणि आपले हातहि या बाबतींत अगदीं स्वच्छ होते असें नाहीं. पेशवाईंतल्या टांकसाळींतून दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचेच फारसी रुपये निघत. शिवछत्रपतींची मुद्रा संस्कृतांत होती हेंहि आम्हांला कोणी ऐकवील. खरें आहे, परंतु त्यांच्या होनावर आणि शिवराईवर 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' हे शब्द देवनागरींत आहेत, आणि ते वाचावयास शास्त्रीबोवा बोलवावे लागत नसत.

चिन्हांविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमचे स्नेही चिन्हांनाहि नक्षीच समजतात. पेनीच्या पाठीवर ढाल व त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रितान्निया ही इंग्रजांच्या अभिमानाची मूर्ति. पण ती बनविली कोणीं ? रोमन लोकांनीं. हेड्रियन व अँटोनायनस पायस या सम्राटांच्या नाण्यांवर ती प्रथम दिसते, आणि तेथें ती एक जिंकलेला प्रांत म्हणून बसली आहे. अँटोनायनसच्या एका नाण्यावर तर खिन्न होऊन. दुसऱ्या चार्ल्सनें १६७२ च्या तांब्याच्या नाण्यांवर तिला पुन्हा आणली. त्याआधीं १६६५ च्या एका नमुन्याच्या फार्दिंगवर तिच्याभोंवतीं 'मी चारी समुद्रांवर हक्क सांगतों' असा लॅटिन लेख होता. दोनच वर्षांत, १६६७ सालीं, डच आरमार मेडवे नदींत शिरलें, इंग्रजांचीं जहाजें जाळलीं आणि 'रॉयल चार्ल्स' हें राजाच्याच नांवाचें जहाज ओढून घेऊन गेलें. चारी समुद्र राहूं द्या, एक नदीहि राखतां आली नाहीं ! हातांतल्या भाल्याचा त्रिशूळ झाला तो १७९७ सालीं. आणि त्या वेळेपर्यंत, न्यायाला धरून बोलावयाचें तर, समुद्राचा दावा खरा होत आला होता.

राजाच्या गळ्याखालीं जीं बारीक चिन्हें असतात तीं मात्र सहसा कोणी पाहत नाहीं, आणि खरें बोलणारी जागा तीच आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या कित्येक गिन्यांवर मुखाखालीं एक इवलासा हत्ती आहे, कधीं त्याच्या पाठीवर अंबारीसारखा किल्ला. तें सोनें आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून राजसनदी कंपनीनें आणलें याची ती खूण. 'गिनी' हें नांवहि तेथलेंच. त्या कंपनीच्या जहाजांतून माणसेंहि विकावयास नेलीं जात. राणी ॲनच्या काहीं नाण्यांवर 'व्हिगो' हा शब्द आहे. स्पेनच्या त्या बंदरांत १७०२ सालीं केलेल्या लुटीची ती पावती. दुसऱ्या जॉर्जच्या काहीं गिन्यांवर 'ई. आय. सी.' हीं अक्षरें आहेत. तें सोनें ईस्ट इंडिया कंपनीनें दिलेलें. १७४५-४६ च्या नाण्यांवर 'लिमा' आहे. तेंहि स्पॅनिश जहाजांवरून हिसकावलेलें धन. म्हणजे भोंवतालच्या भव्य वर्तुळांत देवाची कृपा, फ्रान्सचें राज्य, श्रद्धेचें रक्षण. आणि खालीं, मुंगीएवढ्या अक्षरांत, माल कोठून आला त्याचा जाबजबाब. संग्राहकांच्या याद्यांत या खुणांची नोंद असते ती बहुधा किंमतीच्या रकान्यापुरती. हत्ती असेल तर इतके जास्त, व्हिगो असेल तर इतके जास्त !

लॅटिनाचें एक प्रामाणिक उदाहरण आम्हांला माहीत आहे तें सांगितलें नाहीं तर अन्याय होईल. लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरीत. त्यावर उपाय म्हणून १६६२ पासून यंत्रानें पाडलेल्या क्राऊनच्या कडेवर 'देकुस एत तुतामेन' असे शब्द उमटविण्यांत आले. हे शब्द व्हर्जिलच्या महाकाव्यांतले. अर्थ 'शोभा आणि संरक्षण'. कड कातरली कीं अक्षर तुटणार आणि चोरी उघडी पडणार. येथें लॅटिन जें म्हणतें तेंच करतें, आणि आमच्या स्नेह्यांचा आवडता 'शोभा' हा शब्द इंग्रजी नाण्यावर खरोखर कोठें असेल तर तो येथें आहे. पण तो एकटा नाहीं. त्याला 'संरक्षण' जोडलेलें आहे. पुढें १९८३ सालीं एक पौंडाचें गोल नाणें निघालें तेव्हां त्याच्याहि कडेवर हेच शब्द घातले. मात्र त्या नाण्याच्या नकला इतक्या निघाल्या कीं २०१७ सालीं तें चलनांतून काढून घ्यावें लागलें. नकली नाण्यांवरहि 'संरक्षण' हा शब्द होताच.

लॅटिन ही विद्येची सार्वत्रिक भाषा, म्हणून ती नाण्यांवर राहिली, असा एक शेवटचा बचाव असतो. त्याला उत्तर इंग्लंडच्याच कायद्यानें दिलें आहे. १७३३ सालापासून तेथील न्यायालयांचें कामकाज लॅटिन सोडून इंग्रजींत चालविण्याचा कायदा अमलांत आला, तो आरोपीला आपल्यावरचा आरोप कळावा म्हणून. ज्या देशानें न्यायाधीशाच्या कागदावरून लॅटिन काढलें, त्याच देशानें राजाच्या नाण्यावर तें ठेविलें. विद्येचें प्रेम न्यायालयांत संपलें आणि टांकसाळींत टिकलें, असें मानावयास आम्ही तयार नाहीं.

१९५३ सालीं दुसऱ्या एलिझाबेथच्या पहिल्या नाण्यांवर 'सर्व ब्रिटनांची' हें बिरुद होतें. १९५४ पासून तें गेलें. नांवाचें लॅटिन रूपहि गेलें. पूर्वींच्या 'जॉर्जिउस'च्या जागीं साधें इंग्रजी 'एलिझाबेथ' आलें. आज तिच्या मुलाच्या नाण्यांवर 'चार्ल्स तिसरा' असें इंग्रजी नांव असतें आणि त्यामागें 'डी. जी. रेक्स, एफ. डी.' असें लॅटिन शेपूट. स्नेह्यांना आम्हीं हें दाखविलें तेव्हां ते म्हणाले, "बघा, म्हणजे शेवटीं शोभेपुरतेंच राहिलें कीं नाहीं ?" आम्हीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, तीं दोन अक्षरें उद्यां काढून टाकूं म्हटलें तर इंग्लंडांत कोणीच बोलणार नाहीं काय ? ते कांहीं वेळ गप्प राहिले आणि मग पेनी उचलून पेटींत, तिच्या चौकोनी कप्प्यांत, राजाचें तोंड खालीं करून ठेविली.